राक्षसाचा मानपान

खेळ कशाला म्हणावं आणि कशाला म्हणू नये, हे ठरवायचा अधिकार साऱ्या सेनगाव तालुक्यात आपल्या एकट्याकडं आहे, असं गोरेगावच्या ज्ञानबाचं मत होतं. ज्ञानबाकडं मेंढरं होती, थोडी शेती होती आणि मतं मात्र भरपूर होती. मेंढरं वर्षातून दोनदा कातरावी लागत. मतांना कुणी कातर लावत नव्हतं, त्यामुळं ती वाढून वाढून पार जमिनीला टेकली होती.

व्हिडिओ गेमबद्दलचं त्याचं मत सत्त्याण्णव साली कायम झालं. त्या दिवाळीला त्याच्या बहिणीचा पोरगा प्रभू मामाच्या गावी आला, तो टीव्हीला जोडायचा एक डबा आणि पिवळी कॅसेट घेऊनच. पडद्यावर बोटभर उंचीचा एक गडी पळत सुटला आणि खड्ड्यांवरून उड्या मारू लागला. ज्ञानबा तंबाखू मळत बघत बसला. तंबाखूचं पीठ झालं तरी गडी थांबेना. शेवटी तो एका खड्ड्यात पडून मेला आणि लगेच उठून पहिल्यापासून पळू लागला. तेव्हा ज्ञानबानं निकाल दिला.

"सकाळधरनं पळून राहिला हा. वाटेत एकानं तरी इचारलं का त्याला, की बाबा कुठला तू, कुणाचा, जेवला का? ज्याला कुणी गाव इचारत न्हाई, तो कसला खेळ?"

त्याची पोरगी मोहिनी तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. प्रभूच्या हातातलं बटण हिसकावून घेत ती म्हणाली, "तेच तर बरं हाय, आबा. तिथं कुणाची पोरगी म्हून कुणी इचारत न्हाई. उडी जमली का, तेवढंच पाहतेत."

 यावर ज्ञानबानं टीव्ही तापलाय असं सांगून तो बंद करायला लावला.

त्यानंतर आठ वर्षं गेली. प्रभू पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि बोलताना 'नाही' असं स्वच्छ म्हणू लागला. मोहिनी हिंगोलीला नर्सिंगच्या कोर्सला गेली. आणि ज्ञानबा दुसऱ्यांच्या सोयरिकी जमवण्यात तरबेज झाला. मुलीकडच्यांनी त्याला बैठकीला नेलं की त्यांचं निम्मं ओझं उतरत असे. मुलाकडच्यांनी बँड म्हटलं की हा हलगीवर आणायचा, गावजेवण म्हटलं की हा घरच्या माणसांवर आणायचा, आणि एवढं करून मुलाचा बाप उठताना त्याच्याच पाया पडायचा. दगडाला घाम फोडणारी माणसं असतात. ज्ञानबा दगडाला घाम फोडून तो घाम दगडालाच पाजत असे.

हीच कला त्यानं पोरीच्या सोयरिकीतही वापरली. कुरुंद्याचे सटवाजी हळदीतले मोठे शेतकरी, आणि त्यांचा मुलगा रविंद्र मोहिनीला पसंत होता. आधी आलेल्या साऱ्या स्थळांनी कोर्स सोडायची अट घातली होती, एकट्या सटवाजींनी कोर्स पुरा होऊ देतो म्हणून शब्द दिला. पण नोकरी मात्र नको, असं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. मोहिनीनं नोकरीसाठीच कोर्स धरला होता. ती चार दिवस आईशी बोलली नाही आणि बापाशी तर नुसती हं-हूं करत राहिली. ज्ञानबा तिची समजूत घालत होता. एवढं ऐकणारं दुसरं स्थळ साऱ्या जिल्ह्यात मिळायचं नाही, हे हातचं गेलं की परत येणार नाही, असं तो म्हणायचा. आणि बैठकीत मानपानाचा विषय निघाला तेव्हा त्यानं यंदा लोकरीला उठाव नाही असं सांगून सटवाजींना पाच फेटे, एक गोड आणि हलगी एवढ्यावर राजी केलं. सुपारी दिवाळीनंतर फोडायची ठरली.

त्याच दिवाळीत प्रभू आला, आणि या खेपेला त्याच्या पिशवीत डबाही नव्हता, कॅसेटही नव्हती. होते नुसते कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. दुपारची लाईट गेलेली. लोडशेडिंगनं साऱ्या गावाला सक्तीची विश्रांती दिलेली. पिठाची गिरणी बंद पडली म्हणून गिरणीवाला कोंडबा पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन ओसरीवर येऊन बसला होता. प्रभूनं खेळ समजावून सांगितला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. जो जे म्हणेल तसं तो वागणार, आणि अडलं तिथं फासा टाकायचा. यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही.

हे ऐकून ज्ञानबा सरसावून बसला. नुसत्या बोलण्याचा खेळ निघाला हे त्याला लई उशिरा का होईना, जगाला आलेलं शहाणपण वाटलं.

कोंडबानं राजा व्हायचं ठरवलं. त्याला खऱ्या आयुष्यात चारही पोरगेच होते, म्हणून खेळात त्यानं एक पोरगी मागून घेतली. मोहिनी राजाची सेनापती झाली आणि तिनं तलवार, ढाल, घोडा असं सगळं कागदावर लिहून घेतलं. ज्ञानबाला प्रभूनं विचारलं की मामा, तुम्ही योद्धा होता की जादूगार? ज्ञानबा म्हणाला, मी ज्ञानबाच राहतो, मला सवय हाय.

गोष्ट अशी होती की राजाच्या गावाला पाणी देणारा झरा डोंगरातल्या एका राक्षसानं अडवून धरला आहे. गाव तहानलेलं. आता या तिघांनी गुहेत शिरून राक्षसाला मारायचं. प्रभूनं आवाज जाड केला, ओठ फाकवले आणि राक्षस गुहेतून बाहेर काढला. मोहिनीनं फासा उचलला.

"थांब गं," ज्ञानबा म्हणाला. "पाव्हणा अजून बसला बी न्हाई." मग तो प्रभूकडं वळला. "राम राम. कुठले तुमी?"

"मामा, तो राक्षस आहे. तो तुम्हाला खाणार."

"खाईल की. आधी गाव सांगू दे."

राक्षसाला गाव असावं हे प्रभूच्या कागदावर नव्हतं. तो चाचरत डोंगराच्या पलीकडचा म्हणाला. म्हणजे वाशीमकडचे, असं ज्ञानबानं ठरवून टाकलं, आणि मग घरात कोण कोण, आईवडील आहेत का, बहिणी कुठं दिल्या, हे एकेक करून काढून घेतलं. तासाभरात राक्षसाला एक म्हातारी आई, दोन दिलेल्या बहिणी आणि एक लग्नाचा मुलगा झाला. मुलगा निघाल्यावर ज्ञानबाच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून प्रभूनं कागद मिटून ठेवले. मोहिनी तलवार उपसायला मागत होती, तिला कुणी विचारेना. राजाची मुलगी राक्षसाच्या मुलाला द्यायची, राक्षसानं झरा सोडायचा, असा तोडगा ज्ञानबानं मांडला.  एकुलती एक लेक आणि ती लगेच चालली, असं कोंडबा दोनदा म्हणाला.

मग मानपानाचं बोलणं सुरू झालं, आणि इथं ज्ञानबाला आयुष्यात कधी झालं नव्हतं ते झालं. राक्षसानं बँड मागितला आणि ज्ञानबाच्या तोंडून 'दिला' असं निघून गेलं. निघून गेल्यावर त्यानं वाट पाहिली, पण पोटात कुठंही दुखलं नाही. लोकर विकावी लागली नाही, मेंढरू बाजारात न्यावं लागलं नाही. जन्मभर उपास केलेल्या माणसाला बुंदीच्या कोठारात कोंडावं तसं झालं. राक्षस मागेना तरी हा देऊ लागला. प्रभू राक्षसाच्या आवाजात पुरे म्हणाला तरी हा थांबेना. वाढता वाढता आवाज एवढा चढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

शेवटी सुपारी फोडायची वेळ आली. खेळातली सुपारी खेळातच फोडू, असं प्रभूचं म्हणणं पडलं. ज्ञानबा म्हणाला, सुपारीत खोटं चालत न्हाई. ज्ञानबाच्या बायकोनं, सिंधूबाईनं, आतून पानसुपारी, साखर आणि कुंकवाचा करंडा आणून दिला. भर दुपारी या पुरुषांना काय झालंय हे तिला कळलं नाही, पण दिवाळीचे दिवस होते, तिनं विचारलं नाही. राक्षसाच्या वतीनं प्रभूच्या कपाळाला कुंकू लागलं. कोंडबानं उपरण्यानं डोळे पुसले.

नेमके त्याच वेळी सटवाजी अंगणात उभे होते. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं, म्हटलं एवढं आलोच तर पुढं गोरेगावलाही जाऊन प्रसाद देऊन यावा. काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून आलेले, धुळीनं माखलेले सटवाजी हातात नारळ घेऊन पायरीखाली थांबले आणि त्यांच्या कानावर ज्ञानबाचा आवाज पडला.

"समद्या पाव्हण्यांना फेटे. पंगतीला दोन गोडं. हिंगोलीचा बँड. आन याह्याच्या, नवरदेवाच्या बापाच्या, पानात मी सोता उभा राहून वाढीन. फुटली सुपारी. आता मागं फिरायचं न्हाई."

अडकित्ता वाजला. सटवाजींनी ओसरीवर पाहिलं. मोहिनी खाली मान घालून बसलेली. तिच्या समोर आत्याचा पोरगा, कपाळाला कुंकू लावून. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो हे आमच्याकडं शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. सटवाजींनी नारळ पायरीवर ठेवला.

सिंधूबाईनं तांब्या पुढं केला. सटवाजी तांब्याकडं न बघता म्हणाले, "पाणी नको, बाई. शब्द आमाला बी दिला होता, एवढंच सांगून जातो."

ज्ञानबाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण तो अजून वाशीमकडंच होता. ध्यानात आल्यावर मात्र तो उठून धावला आणि सगळे एकदम बोलू लागले. पोरगी मोहिनी नव्हेच, ती राजाची, म्हणजे कोंडबाची, म्हणजे कोंडबाला पोरगी नाहीच. आणि नवरदेव प्रभू नव्हे, प्रभू हा नवरदेवाचा बाप, आणि तो राक्षस. सटवाजींनी हे सारं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी घरातली भिंत, छप्पर आणि सगळ्यांचे डोळे एकदा पाहून घेतले. या घरात पोरगी देणं तर सोडाच, इथून पोरगी करावी का, असा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग कोंडबानं गिरणीच्या पट्ट्याची शपथ घेतली, प्रभूनं कागद आणि फासा दाखवला, आणि त्यांना हळूहळू पटलं की हा खेळ होता आणि मोहिनी कुणाला दिलेली नाही.

ज्ञानबानं सुटकेचा श्वास सोडला. सटवाजी मात्र जास्तच गंभीर झाले आणि पायरीवर बसले.

"म्हंजी हा मानपान राक्षसाला दिला तुमी?"

"व्हय. राक्षसालाच," ज्ञानबा उत्साहानं म्हणाला.

"सगळ्यांना फेटे?"

"सगळ्यांना."

"आमाला पाच." सटवाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "राक्षसाला बँड. आमाला हलगी. राक्षसाला दोन गोडं, आमाला एक, ते बी तुमी म्हन्ले की शिरा हाय, गोडातच धरा. पाव्हणं, पोरगी दुसऱ्याला दिली असती तर मी उठून गेलो असतो. त्यात काय, ज्याचं त्याचं नशीब. पन माणसं खाणारा गडी, त्याचा एवढा मान, आन मी हळद लावतो म्हून माझा शिरा?"

ज्ञानबा म्हणाला की अहो ते सगळं तोंडचं, त्याला खरं थोडंच द्यायचं होतं. यावर सटवाजी म्हणाले की तोंडचंच म्हणतोय मी, आमाला तोंडचं बी दिलं न्हाई. ज्ञानबाला आयुष्यात बैठकीत कधी घाम फुटला नव्हता, तो आता फुटला. त्यानं प्रभूला पुढं ढकललं. तू शिकलेला, तू सांग यांना की या खेळात जे होतं त्याचा माणसाशी काही संबंध नसतो.

प्रभूला या खेळाबद्दल मतं होती, आणि मतं असलेल्या माणसाला ती वेळ बघून बाजूला ठेवता येत नाहीत. हा गुण मामाकडून आलेला. तो म्हणाला, "उलट संबंध असतो. व्हिडिओ गेममध्ये माणूस नुसती बटणं दाबतो. इथं तो मनातून जसा आहे तसाच वागतो. हीच तर या खेळाची मजा आहे."

"बघा," सटवाजी म्हणाले आणि पागोटं डोक्यावर चढवून उभे राहिले.

सिंधूबाई आत जाऊन देवापुढं बसली. आता सुपारी फुटणार नव्हती. आणि या गोष्टीचा डंका सेनगावच्या जीपनं संध्याकाळपर्यंत पिटला की दुसरं कोणतं स्थळ या अंगणात पाय ठेवणार नव्हतं. राक्षसाशी सोयरीक केलेल्या घरात कोण येतं?  ज्ञानबा नुसता उपरण्याचं टोक पिळत राहिला.

तेव्हा मोहिनी बोलली. दुपारभर तिला कुणी तलवार उपसू दिली नव्हती.

"काका, राक्षसाला मान फुकट न्हाई दिला आबांनी. त्यानं झरा सोडला. समद्या गावाचं पाणी सोडलं."

सटवाजी पायरीवर थांबले. हे त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी कोंडबाकडं पाहिलं. कोंडबानं राजाला शोभेल अशी मान हलवली.

"त्याचाच बँड, त्याचेच फेटे," मोहिनी म्हणाली. "तुमाला तेवढाच मान पाहिजे तर तुमच्याकडचं बी काही सुटाया पाहिजे."

"माझ्याकडं कुठला आलाय झरा?"

"माझी नोकरी."

 ज्ञानबानं पोरीला डोळ्यांनी दटावलं, पण ती त्याच्याकडं बघतच नव्हती. सटवाजी म्हणाले की कोर्स तर मी करू दिला, तो काय थोडा झाला? मोहिनी म्हणाली की कोर्स म्हणजे झरा कुठं हाय ते दाखवलं. पाणी अजून तुमच्याचकडं हाय.

सटवाजींनी दाढी खाजवली. माणूस खोटा नव्हता, हिशोबी होता, आणि आता हिशोब असा पडला होता की नाही म्हणावं तर आपण राक्षसापेक्षा कमी भरतो. त्यांनी कोंडबाला बाजूला घेऊन विचारलं, "लई घासाघीस केली का हो त्यानं?"

झरा सोडायला राक्षसानं अडीच तास घेतले होते आणि मधे एकदा रुसून गुहेत जाऊन बसला होता. पण कोंडबा राजा होता. "एका शब्दात सोडला," तो म्हणाला. "दिलदार गडी."

"मग मी काय त्याच्याहून हलका हाय का?" सटवाजी म्हणाले. "करू दे नोकरी. आमच्या कुरुंद्यातल्याच दवाखान्यात लागली तर डबा घरून जाईल." आणि आतून धावत आलेल्या सिंधूबाईच्या हातातला तांब्या घेऊन ते घटाघट पाणी प्याले. दुसरी सुपारी तिथंच फुटली. अडकित्ता सटवाजींनी स्वतः धरला.

साखर वाटता वाटता ज्ञानबाला उमगलं की या सौद्यात पोरीला नोकरी मिळाली, सटवाजींना मान मिळाला, आणि देणारा एकटा तोच उरला. साऱ्या तालुक्याच्या सोयरिकी त्यानं हलगीवर आणल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या पोरीनं त्याला बँडवर नेलं होतं.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात, कोर्स संपल्यावर झालं. ज्ञानबानं बरीच मेंढरं बाजाराला नेली आणि शब्दाप्रमाणं सगळं केलं. हिंगोलीचा बँड आला, तो एवढा मोठा की वाजवणारे मांडवात आणि वऱ्हाडी बाहेर उभे राहिले. फेटे तर जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा बांधले. पंगतीत पहिलं गोड वाढून झालं तेव्हा सटवाजी जेवायचे थांबले. काही बोलले नाहीत, नुसतं पानातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ज्ञानबाकडं बघत राहिले. दुसरं गोड आल्यावरच त्यांनी बोट उचललं. कोंडबा सगळीकडं पोरीच्या बापासारखा फिरत होता आणि लोकांना सांगत होता की माझ्या पोरीच्या वेळेला एवढी धांदल झाली नव्हती.

संध्याकाळच्या आत वरात निघाली. मोहिनी आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली, आणि रविंद्रशेजारी जीपमध्ये जाऊन बसली. सटवाजींनी एक पाय जीपच्या फळीवर ठेवला आणि ज्ञानबाचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"याही, समदं बराबर झालं. एवढा मान आमच्या सात पिढ्यांत कुणी केला न्हवता. राक्षसाच्या तोडीस तोड."

ज्ञानबाचाही ऊर भरून आला. सहा महिने ज्या खर्चानं त्याची झोप उडाली होती, तो या एका वाक्यानं वसूल झाला. आनंदाच्या भरात त्याला वाटलं, अजून दोन शब्द गोड बोलावेत, आपला मोठेपणा थोडा झाकून पाहुण्याचा वाढवावा.

"अवो, हे काहीच न्हाई, याही," तो म्हणाला. "त्याला तर मी हत्ती कबूल केला होता. तुमी औंढ्याहून पोचायच्या आधीच."

बँड वाजायचा थांबला होता, त्यामुळं हे वाक्य सगळ्यांना नीट ऐकू आलं. सटवाजींनी हातातले हात हळूच सोडले. जीपच्या फळीवरचा पाय खाली घेतला.

"कोणता हत्ती?"

आत बसलेली मोहिनी रडायची थांबली. तिनं पदरानं नाक पुसलं, सासऱ्याचा हात धरून त्यांना आत ओढलं आणि पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, गाडी काढा."